जुन्या आउटबोर्डचा कार्बोरेटर जुळवताना या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात पावसाळी मासेमारीबंदी असते. तेवढे दोन महिने शाकारून ठेवलेल्या होडीचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) ऑगस्टमध्ये लावले, की ठरावीक तक्रारी सुरू होतात. मशीन चालू होऊन लगेच बंद पडते, रेस दिली की घुटमळते किंवा गिअर टाकताच मान टाकते. अशा वेळी पहिला हात पेचकस घेऊन कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे जातो, आणि बहुतेक नुकसानीची सुरुवात तिथेच होते.

कार्बोरेटर हा संशयितांच्या यादीत शेवटचा असावा. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा पेच उघडा आहे का ते पाहावे. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते, नळीवरचा रबरी पंप चपटा होतो आणि मशीन काही मिनिटांनी मरते. मशीन बंद पडू लागताच हा पंप हाताने दाबत राहावे. त्याने मशीन सावरले, तर दोष बहुधा जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) नसून पेट्रोल पोहोचवणाऱ्या वाटेत आहे, म्हणजे नळी कुठेतरी हवा घेते आहे, गाळणी तुंबली आहे किंवा फ्युएल पंपाचा पडदा फाटला आहे. प्लग, ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्याशिवाय तर कार्बोरेटरच्या पेचाला हातच लावू नये, कारण कॉम्प्रेशन गेलेले मशीन कोणत्याही पेचाने सुधारत नाही.

पेट्रोलाचाही विचार हवा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला दमटपणा शोषते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. शिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि पडदे अशा पेट्रोलासाठी बनवलेले नसल्यामुळे फुगतात किंवा मऊ पडून त्यांचे कण सुटतात. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या (पेट्रोलाची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीखालचा पेच सोडून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि बाटली स्थिर ठेवावी. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले, तर टाकी रिकामी करून नवे पेट्रोल भरणे हाच उपाय आहे. मशीन ठेवून देण्यापूर्वी ही वाटी रिकामी केली असती, तर जेटमध्ये डिंकासारखा चिकट थर बसला नसता.

कार्बोरेटर उघडावाच लागला, तर जेट साफ करण्यासाठी तार किंवा सुई वापरू नये. जेट पितळेचा असतो आणि त्याचे भोक मिलिमीटरच्या अंशांत मोजलेले असते. तारेने ते थोडेसे जरी रुंदावले, तरी मिश्रण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने फुंकणे सर्वांत चांगले, आणि तरीही न निघणाऱ्या कचऱ्यासाठी जाळ्याच्या बारीक तंगूसाचा तुकडा पुरतो, कारण नायलॉन पितळेला ओरखडत नाही. वाटीच्या तळाशी हिरवट-पांढरी भुकटी दिसली, तर खारे पाणी आत शिरले आहे असे समजावे. फ्लोटची सुई आणि तिची बैठक भिंगाखाली पाहावी. सुईच्या टोकाला गोल चरा पडला असेल, तर ती पेट्रोल अडवत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. गॅस्केट जुनी परत बसवू नये. हे काम उघड्यावर आणि विडी-सिगारेटपासून दूर करावे, हे वेगळे सांगायला नको.

आता मिश्रणाच्या पेचाकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या पेचाकडे येऊ. तो आत-बाहेर करण्यापूर्वी हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे होतात ते मोजावे आणि लिहून ठेवावे. पेच बैठकीवर टेकला की थांबावे. जोर लावला तर त्याच्या सुईवर खाच पडते आणि पुढे तो कधीच नीट जुळत नाही. मशीनच्या पुस्तकात दिलेले माप नसेल, तर दीड फेरा बाहेर ही बऱ्याच जुन्या मशीनसाठी सुरुवात करण्याजोगी जागा आहे.

थंड मशीनवर, न्यूट्रलमध्ये किंवा जमिनीवरच्या घोडीवर केलेली जुळवणी पाण्यात टिकत नाही, कारण पाण्यात एक्झॉस्टवर दाब येतो आणि पंख्याचा भार पडतो. होडी धक्क्याला पक्की बांधून, मशीन पुरते गरम करून, चोक (थंड मशीन चालू करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडून आणि गिअरमध्ये ठेवूनच पेच फिरवावा. पंख्याजवळ कोणी नसावे आणि बंद करण्याची दोरी मनगटाला असावी. काही मशीनांत पेच पेट्रोल नियंत्रित करतो, तर काहींत हवा, त्यामुळे आत फिरवणे म्हणजे पेट्रोल कमी करणे असे गृहीत धरू नये. मशीनच्या आवाजावर विसंबावे. पाव पाव फेरा फिरवून दर वेळी दहा-पंधरा सेकंद थांबावे. ज्या बाजूला कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा फटका येतो, ती पेट्रोल कमी पडण्याची बाजू. ज्या बाजूला मशीन अडखळत, धूर सोडत चालते, ती पेट्रोल जास्त होण्याची. दोन्हींच्या मधली गुळगुळीत चाल सापडली, की पेच जास्त पेट्रोलाच्या बाजूला अगदी थोडा सरकवावा आणि झटक्यात रेस देऊन पाहावी.

हा शेवटचा थोडा सरकवण्याचा भाग मी आग्रहाने सांगतो. पेट्रोल वाचवण्यासाठी मिश्रण कमी करण्याची सवय टू-स्ट्रोक मशीनला मारक आहे, कारण ज्या मशीनमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळले जाते, तिथे पेट्रोल कमी झाले की वंगणही कमी होते. त्यात ज्वलन अधिक तापते, पिस्टनवर ओरखडे येतात आणि अखेर पिस्टन जाम होतो. पन्नासास एक प्रमाण सांगितले असेल, तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल मोजूनच घालावे. अंदाजाने ओतू नये.

आयडल (रेस न देता मशीनची हळू चाल) नीट राहत नाही म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आवळून रेस वाढवणे ही आणखी एक पळवाट आहे. मूळ दोष तसाच राहतो आणि गिअर टाकताना खडखडाट होऊन गिअरचे दात झिजतात.

हेही लक्षात ठेवावे, की मिश्रणाचा पेच फक्त हळू वेगाचे मिश्रण ठरवतो. पूर्ण वेगात ताकद कमी पडत असेल, तर तो फिरवून उपयोग नाही; तिथे मेन जेट, फ्युएल पंप किंवा ठिणगी पाहावी लागते. पूर्ण वेगात काही मिनिटे चालवून मशीन एकदम बंद करावे आणि प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग चांगला, ओला काळा रंग पेट्रोल जास्त असल्याचा आणि पांढरा रंग पेट्रोल कमी पडत असल्याचा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्बोरेटर असलेल्या मशीनमध्ये एकच प्लग पांढरा निघाला, तर त्याचाच कार्बोरेटर पुन्हा उघडावा, आणि तो साफ होऊन प्लगचा रंग बदलेपर्यंत मशीन पूर्ण वेगात समुद्रात नेऊ नये.