मेमरीला नावं देताना या चुका टाळा

रात्रीचा एक वाजलाय, एक प्रोसेस ६ जीबीवर गेलीय आणि अजून चढतेय. तुम्ही तिची स्मॅप्स फाइल, म्हणजे तिच्या मेमरीतल्या जागांची (मॅपिंगची) यादी, उघडता. लायब्ररीच्या मॅपिंगपुढे लायब्ररीचं नाव आहे, हीपपुढे ‘हीप’ आहे. पण ज्या जागा खरोखर फुगल्यात, त्यांच्यापुढे कोरं. फळीवर एकसारखे वीस स्टीलचे डबे आणि चिठ्ठी एकावरही नाही, अशी गत. झाकण उघडल्याशिवाय काही कळत नाही, आणि चालू सर्व्हरवर प्रत्येक झाकण उघडायला वेळ कुणाकडे असतो?

लिनक्समध्ये यावर साधा उपाय आहे. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.१७ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलने अ‍ॅनॉनिमस, म्हणजे कुठल्याही फाइलवर न आधारलेल्या, मॅपिंगला नाव देता येतं. मूळ पॅच कॉलिन क्रॉस यांचा. अँड्रॉइडमध्ये तो कितीतरी आधीपासून वापरात होता. एकदा नाव दिलं की मॅप्स (हीच यादी थोडक्यात) आणि स्मॅप्समध्ये चौकोनी कंसात ‘अनॉन’ आणि त्यापुढे ते नाव दिसतं. कर्नलच्या आत तर ही पद्धत फार जुनी. सन कंपनीच्या सनओएस ५.४ मध्ये १९९४ साली जेफ बॉनविक यांचा स्लॅब अ‍ॅलोकेटर आला, तेव्हापासून कॅशे (एका मापाच्या ऑब्जेक्टचा साठा) तयार करताना पहिलं द्यायचं ते नावच.

मात्र नावं चुकीची पडली तर ती नसण्यापेक्षा जास्त त्रास देतात.

प्रत्येक तुकड्याला वेगळा नंबर

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी हीच. प्रत्येक बफर ओळखता यावा म्हणून मी नावात काउंटर घातला: बफर-१, बफर-२, बफर-३. टेस्टिंगमध्ये यादी वाचायला छान वाटायची. काही दिवस लोड चालल्यावर नवी जागा मागणारा एमॅप (mmap) कॉल ‘मेमरी नाही’ म्हणून नकार द्यायला लागला, आणि मशीनवर तर कित्येक जीबी मोकळे! आम्ही दोन दिवस रॅमच्या मागे होतो.

कारण दुसरीकडेच होतं. शेजारी-शेजारी असलेली, सारख्या परवानग्यांची मॅपिंग कर्नल एरवी जोडून एक करतो. नावं वेगळी असली की जोडत नाही. त्यामुळे प्रत्येक बफर ही स्वतंत्र नोंद होते, आणि एका प्रोसेसला अशा नोंदी किती ठेवता येतात यावर मर्यादा आहे: मॅक्स मॅप काउंट, डिफॉल्ट ६५५३०. मेमरी शिल्लक होती, नोंदी संपल्या होत्या.

असं लक्षण दिसलं तर आधी त्या प्रोसेसच्या मॅप्स फाइलमधल्या ओळी मोजा. आकडा पासष्ट हजारांच्या आसपास असेल तर रॅमकडे बघूच नका. कित्येक जण मर्यादाच वाढवून मोकळे होतात. तो तात्पुरता इलाज आहे. नाव प्रकाराला द्या, नगाला नाही. ‘डिकोडर-इनपुट’ हे एकच नाव सगळ्या इनपुट बफरना चालतं. कुठला नग कुठे गेला, ते लॉगमध्ये लिहा.

मॅलॉकने दिलेल्या पत्त्याला नाव

मॅलॉककडून (सी भाषेत मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) पॉइंटर घेतला आणि थेट त्यालाच नाव द्यायला गेलात तर बहुतेक वेळा ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ मिळतं, कारण पत्ता पेजच्या, म्हणजे कर्नल ज्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत मेमरी सांभाळतो त्याच्या, सीमेवर असावा लागतो. मग कुणीतरी पत्ता खाली ओढून पेजच्या सुरुवातीला नेतं आणि कॉल यशस्वी होतो. खरी गडबड इथे सुरू होते. त्या ४ केबीच्या पेजवर इतर मॉड्यूलचेही ऑब्जेक्ट असतात. आता त्या सगळ्यांवर तुमचं नाव. तुम्ही फ्री केलंत तरी पेजवरचं नाव तसंच राहतं. तीन महिन्यांनी कुणीतरी ते वाचून तुमच्या मॉड्यूलमध्ये लीक शोधत बसतं. नाव द्यायचं ते स्वतः एमॅप केलेल्या पूर्ण जागेलाच. पूलमधली जागा दुसऱ्या कामाला वळवलीत तर त्याच क्षणी नावही बदला.

मॅलॉकची स्वतःची जागा ओळखायची असेल तर ते काम जीलिबसीवर, म्हणजे मॅलॉक जिच्यात असतं त्या सी लायब्ररीवर, सोपवा. २.३९ आवृत्तीपासून ‘डेकोरेट मॅप्स’ नावाचं ट्यूनेबल (सेटिंग) आहे. ते चालू केलं की मॅलॉकच्या आणि थ्रेडच्या स्टॅकच्या जागांवर लायब्ररीच नावं टाकते.

परत आलेली एरर

इथे दोन्ही टोकं चुकतात. काही जण एरर बघतच नाहीत, आणि गरजेच्या वेळी एकही नाव लागलेलं नसतं. काही जण एरर आली की प्रोग्रॅमच बंद करतात, मग जुन्या कर्नलवर किंवा हा पर्याय बंद ठेवून बिल्ड केलेल्या कर्नलवर सर्व्हिस उठतच नाही. एकदा लॉग करा आणि पुढे जा.

नाव का नाकारलं, हे शोधताना त्याची लांबी बघा: शेवटच्या शून्यासकट ८० बाइट. चौकोनी कंस, डॉलर, बॅकस्लॅश, बॅकटिक चालत नाहीत. फक्त छापता येणारी आस्की अक्षरं चालतात, त्यामुळे देवनागरीत दिलेलं नावही परत येतं. फाइलवर आधारलेल्या मॅपिंगला हे नाव देता येत नाही.

जुन्या अँड्रॉइड कर्नलवर आणखी एक काळजी. तिथे कर्नल नावाची प्रत करत नसे, फक्त तुमचा पॉइंटर ठेवत असे. लोकल बफरमध्ये नाव बनवून फंक्शनमधून बाहेर पडलात की यादीत कचरा, नाहीतर ‘फॉल्ट’ असा शब्द. स्ट्रिंग लिटरल वापरा.

स्लॅबइन्फोमध्ये भलत्याचंच नाव

कर्नल मॉड्यूल लिहिणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. तुम्ही नीट नाव देऊन कॅशे बनवली, पण स्लॅबइन्फोमध्ये (कर्नलच्या कॅशेंची यादी) ती दिसतच नाही. किंवा ज्याचा तुमच्याशी काही संबंध नाही अशा ड्रायव्हरच्या नावापुढचा आकडा वाढत चाललाय. लिनक्सचा आताचा स्लॅब अ‍ॅलोकेटर, त्याचं नाव स्लब, सारख्या मापाच्या आणि जुळत्या फ्लॅगच्या कॅशे एकत्र करतो, आणि यादीत पहिल्या आलेल्याचं नाव राहतं. निरपराध ड्रायव्हरच्या लेखकाला बग रिपोर्ट पाठवण्याआधी सिसएफएसमधली कर्नल-स्लॅब डिरेक्टरी बघा. एकाच ठिकाणी बोट दाखवणाऱ्या सिमलिंकवरून कोण कोणात मिसळलंय ते कळतं. तपासापुरतं मशीन ‘स्लॅब नोमर्ज’ हा बूट पर्याय देऊन चालू करा. मग प्रत्येक कॅशे आपल्या नावाने उभी राहते.

आणि तुम्ही स्वतःची कॅशे न बनवता सगळं केमॅलॉकनेच (कर्नलमधलं मॅलॉक) घेत असाल तर यादीत फक्त ‘केमॅलॉक-२५६’ दिसणार. त्यासाठी कर्नल ६.१० मध्ये अ‍ॅलोकेशन प्रोफाइलिंग आलंय. ते चालू असेल तर अ‍ॅलॉकइन्फो फाइलमध्ये कुठल्या सोर्स फाइलच्या कितव्या ओळीने किती मेमरी घेतलीय, ते थेट दिसतं.

‘बफर’, ‘डेटा’, ‘टेम्प’

मेमएफडीला (फक्त मेमरीत राहणारी फाइल) २४९ बाइटपर्यंत नाव देता येतं, आणि तरी लोक ‘शेअर्ड’ लिहून मोकळे होतात. एकच नाव अनेकांना दिलं तरी कर्नल हरकत घेत नाही, त्यामुळे चार लायब्ररींच्या चार ‘शेअर्ड’ एका यादीत येतात. आधी मालक, मग काम: ‘ऑडिओ-मिक्सर-रिंग’. ग्राहकाचं नाव किंवा फोन नंबर त्यात कधीच नको, कारण क्रॅश रिपोर्टसोबत मॅप्सची यादीही बाहेर जाते.

नाव ठरलं की ते टीममधल्या अशा कुणाला तरी दाखवा ज्याने तुमचा कोड पाहिलेला नाही, आणि विचारा, ही जागा फुगली तर तू फोन कुणाला करशील?