औषध चुकलं कुठे? ग्रामीण रुग्णालयातल्या चौकशीत या चुका टाळा

रुग्णाला चुकीचं औषध किंवा चुकीची मात्रा गेली की आधी रुग्ण सावरायचा आणि नातेवाइकांना झालेलं सरळ सांगायचं. चौकशी त्यानंतर. विदर्भातल्या छोट्या रुग्णालयांत ती पुष्कळदा कारणे दाखवा नोटिशीपासून सुरू होते आणि सिस्टरच्या खुलाशावर संपते. फाइल बंद होते, ट्रेमध्ये तीच अँप्यूल (औषधाची फोडायची छोटी कुपी) त्याच कप्प्यात राहते.

पुरावा कचऱ्यात जाऊ देणं

रिकाम्या अँप्यूल आणि व्हायल (रबरी बुचाच्या बाटल्या) निळ्या डब्यात, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. सकाळची सफाई झाली की सगळं गेलं. म्हणून घटना कळताच त्या वॉर्डातले डबे तारीख-वेळ लिहून बाजूला ठेवा आणि चालू कामासाठी नवे लावा. लावलेली सलाईन नळीसकट जपा. उरलेलं औषध फ्रीजमध्ये वेगळ्या पिशवीत ठेवा. इमर्जन्सी ट्रेचा फोटो कुणी आवरायच्या आधी काढा. बॅच नंबर लेबलवरूनच उतरवा, स्टॉक रजिस्टरवरून नको.

काचा मोजणं कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं. कपाशीवरच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात आणि धावपळीत ॲट्रोपिनची (या विषबाधेवरच्या इंजेक्शनची) ऑर्डर तोंडी, तीही नगात दिली जाते: ‘पाच दे’. अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची असेल तर पाच म्हणजे ३ मिलिग्रॅम. १ मिलिग्रॅमची असेल तर ५. चार्टवर नुसतं ‘ॲट्रोपिन दिलं’ असेल, तर किती गेलं हे काचाच सांगतात.

आकडा जुळला म्हणून पुढे सरकणं

इन्सुलिनच्या चौकशा इथेच फसतात. आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरची आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधली कार्ट्रिज मात्र १०० युनिटची. १०० च्या सिरिंजचं टोपण नारिंगी. समजा ऑर्डर १२ युनिटची, चार्टवर १२, सिस्टर सांगते १२ च्या रेषेपर्यंतच भरलं. तिघेही खरे असू शकतात, तरी रुग्णाची साखर पहाटे ४५ वर येते.

कसं? व्हायल संपली, नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून कार्ट्रिज आणली आणि त्यातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने काढलं. १२ ची रेष म्हणजे ०.३ मिलिलिटर, कार्ट्रिजमधले ०.३ मिलिलिटर म्हणजे ३० युनिट. अडीचपट. उलट ४० ची व्हायल नारिंगी टोपणाच्या सिरिंजने भरली, तर १२ च्या रेषेवर ०.१२ मिलिलिटर येतं, म्हणजे ५ युनिटही नाहीत, आणि साखर चढलेली राहते. साखर कोणत्या दिशेला गेली हे आधी पाहिलं तर इन्सुलिन आणि सिरिंजची कोणती जोडी शोधायची ते कळतं. साखर पडली असेल तर आणखी एक शक्यता तपासा: ‘10U’ (१० युनिट) असं घाईत लिहिलेलं १०० वाचलं गेलं का.

इथवर आल्यावर सिरिंज चुकली असं लिहून थांबू नका. व्हायल कधी संपली, इंडेंट (भांडाराकडे औषधाची लेखी मागणी) कधी गेला, औषध भांडारातून काय उत्तर आलं, बाहेरून आणलेलं औषध वॉर्डात घेताना कुणी पाहिलं, हे तारखांसह काढा. खरं कारण बहुधा या कागदांत सापडतं.

चार्ट म्हणजे घडलेलं, असं समजणं

आठ, दोन आणि रात्री आठ, तिन्ही वेळच्या सह्या एकाच पेनच्या, एकाच वळणाच्या असतील तर तो चार्ट नंतर बसून भरलेला आहे. यात लबाडीच असेल असं नाही. एकटी सिस्टर दोन वॉर्ड सांभाळते तेव्हा लिहिणं मागे पडतंच. वेळा जुळवताना भिंतीवरचं घड्याळ, ईसीजी मशीन आणि फोनवरचा कॉल यांतला फरक आधी मोजून ठेवा, नाहीतर क्रम उलटासुलटा लागतो.

सगळ्यांना एकत्र बसवून जबाब घेणं

अधीक्षकांच्या केबिनमध्ये सगळे एकदम बसले की वरिष्ठ बोलतात, बाकीचे मान हलवतात. प्रत्येकाशी वेगळं बोला, शक्यतो २४ तासांच्या आत. ‘चूक का झाली?’ याचं उत्तर ‘लक्ष नव्हतं’ एवढंच येतं. त्याऐवजी विचारा: औषध कुठून घेतलं, लेबल वाचलं तेव्हा उजेड किती होता, मध्येच कुणी हाक मारली का, ऑर्डर लिहून होती की फोनवर? मग रात्रीच, त्याच जागी, रिकाम्या ट्रेने तेच काम करून दाखवायला सांगा. दुपारी दोनला केलेलं प्रात्यक्षिक कामाचं नाही.

रुग्ण कसा ओळखला, हेही विचाराच. ‘तुम्ही सुमनबाई ना?’ याला मेळघाटातली कोरकू बोलणारी आजी ‘हो’च म्हणेल. नाव रुग्णाने किंवा नातेवाइकाने सांगायचं, आपण सुचवायचं नाही; शिवाय केस पेपरचा नंबर जुळवायचा.

‘कर्मचाऱ्यांना सूचना देण्यात आल्या’

या वाक्याने संपणारा अहवाल परत पाठवावा. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची प्लास्टिक अँप्यूल आणि इंजेक्शनच्या पाण्याची अँप्यूल शेजारी ठेवल्या, तर अर्ध्या झोपेत कुणाचाही हात चुकेल. न पातळवलेलं पोटॅशियम थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. उपाय म्हणजे ते वॉर्डच्या ट्रेमधून काढून कुलपात ठेवणं आणि मोजून देणं. इन्सुलिनच्या बाबतीत: एका वॉर्डात एकाच प्रकारची सिरिंज. पुरवठादार बदलून लेबलचा रंग बदलला तर फार्मासिस्टने पहिला खोका देतानाच जुनी-नवी अँप्यूल सिस्टरांना शेजारी ठेवून दाखवावी.

मात्रा, मार्ग, वेळ सगळं बरोबर आणि तरी एकाच बॅचच्या दोन-तीन रुग्णांना थंडी वाजून आली, तर संशय औषधावरच घ्या. ती बॅच उपकेंद्रांसह सगळीकडे थांबवा, न फोडलेले नग अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकासाठी राखा आणि १८००-१८०-३०२४ या औषध दुष्परिणाम नोंदणीच्या टोल फ्री क्रमांकावर कळवा.