सास्काचेवानचा इतिहास शोधायचा तर आधी जमिनीचा नंबर शोधा

कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या इतिहासावर काम करायला बसलेला नवखा माणूस हमखास नावापासून सुरुवात करतो. कुणा कुटुंबाचं आडनाव किंवा एखाद्या गावाचं नाव शोधपट्टीत टाकतो आणि तिथेच अडकतो. युक्रेनहून आलेल्या एकाच शेतकऱ्याचं आडनाव जनगणनेत एक, जमिनीच्या अर्जावर दुसरं आणि चर्चच्या वहीत तिसरं असतं. त्याचं मूळही कुठे ‘ऑस्ट्रियन’, कुठे ‘गॅलिशियन’, तर कुठे ‘रुथेनियन’ असं लिहिलेलं सापडतं. गावांचंही तेच. पोस्ट ऑफिस बहुतेकदा कुणा शेतकऱ्याच्या घरात असे. पोस्टमास्तर बदलला की पोस्ट दुसऱ्या घरी जाई, आणि गावाचं नाव चार मैल सरके. जमिनीचा नंबर मात्र जिथला तिथे राहतो. आपल्याकडे सातबाऱ्यावरचा गट नंबर हाती असला की निम्मं काम होतं, तसंच इथे आहे. म्हणून आधी नंबर, मग माणूस.

कुठल्या काळासाठी कुठलं दप्तर

१८७० पर्यंत हा मुलूख हडसन्स बे कंपनी या फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या सनदेखालच्या ‘रूपर्ट्स लँड’मध्ये आणि त्याला लागून असलेल्या वायव्य प्रदेशात मोडत होता. १५ जुलै १८७० रोजी तो कॅनडाच्या ताब्यात आला आणि ‘नॉर्थ-वेस्ट टेरिटरीज’चा भाग झाला. १ सप्टेंबर १९०५ रोजी प्रांत स्थापन झाला, पण जमीन आणि नैसर्गिक संपत्ती १९३० पर्यंत केंद्राकडेच राहिली. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवाच, कारण कागद कुठे मिळतील ते त्यावर ठरतं. १८७० पूर्वीचं बहुतेक शेजारच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला, १८७० ते १९३० च्या जमिनीचे व्यवहार ओटावा (देशाची राजधानी) आणि रेजायना (प्रांताची राजधानी) असे वाटलेले, त्यानंतरचं प्रांताकडे.

यातली एक फसगत नेहमीची. १८८२ मध्ये टेरिटरीजचे जिल्हे पाडले, त्यातल्या एकाचं नाव ‘सास्काचेवान’ होतं. तो जिल्हा म्हणजे आजचा प्रांत नव्हे. रेजायना तेव्हा ‘असिनिबोया’ जिल्ह्यात होतं. १९०१ च्या जनगणनेत रेजायना ‘सास्काचेवान’खाली शोधलं तर काहीच मिळत नाही, आणि लोक नोंदी हरवल्या असं समजून बसतात.

नंबर कसा वाचायचा

नमुना घेऊ: एनडब्ल्यू १४-२०-१७ डब्ल्यू२. हा उजवीकडून डावीकडे वाचायचा. डब्ल्यू२ म्हणजे दुसऱ्या मेरिडियनच्या (मोजणीसाठी धरलेल्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) पश्चिमेला. दुसरा मेरिडियन १०२ अंश पश्चिम रेखांशावर आहे, तिसरा १०६ वर, आणि चौथा ११० वर, तीच अल्बर्टाची हद्द. १७ ही रेंज, म्हणजे मेरिडियनपासून पश्चिमेकडे मोजलेला सतरावा पट्टा. २० ही टाउनशिप, अमेरिकेच्या सीमेपासून (४९ अंश उत्तर) वर मोजलेली. प्रत्येक टाउनशिप सहा मैल लांब, सहा मैल रुंद. म्हणजे आपली जागा सीमेपासून साधारण ११५ मैल उत्तरेला, रेजायनाच्या ईशान्येला.

टाउनशिपमध्ये एक-एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन. त्यांचे आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि नांगराच्या तासासारखे वळत जातात: खालच्या ओळीत १ ते ६ पूर्वेकडून पश्चिमेकडे, वरच्या ओळीत ७ ते १२ पश्चिमेकडून पूर्वेकडे, असं करत ३६ ईशान्य कोपऱ्यात. म्हणजे १४ नंबर खालून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. त्याचा वायव्येचा पाव भाग म्हणजे एनडब्ल्यू क्वार्टर, १६० एकर.

एकदा कागदावर सहा बाय सहाची चौकट काढून आकडे हाताने भरा. कंटाळवाणं वाटेल, पण नंतर चूक पकडायला तीच कामी येते. सेक्शन ११ आणि २९ शाळांसाठी राखीव होते. ८ पूर्ण आणि २६ बहुतांश हडसन्स बे कंपनीचे. विषम नंबरचे बरेचसे रेल्वे कंपन्यांना देण्यासाठी राखलेले, सम नंबर होमस्टेडसाठी, म्हणजे वसायला येणाऱ्यांना नाममात्र फीवर द्यायच्या जमिनीसाठी. १९०८ च्या कायद्याने विषम सेक्शनही खुले झाले. त्यामुळे १८९५ साली कुणी सेक्शन ११ वर होमस्टेड घेतल्याचं दिसलं, तर बहुधा १४ चा आकडा चुकीचा वाचला गेलाय. मूळ पान उघडून बघा.

दोन ठिकाणी ही चौकट चालत नाही. बटोशसारख्या मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाच्या) वस्त्यांत नदीकाठाला लागून लांबट, अरुंद पट्टे असत, त्यांना ‘रिव्हर लॉट’ नंबर असतो. आणि फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे मूळनिवासी समाजांच्या, राखीव जमिनी वेगळ्या मोजलेल्या आहेत.

होमस्टेडची फाइल

१८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याखाली दहा डॉलर भरून १६० एकर मिळत. अट अशी की तीन वर्षं, दरवर्षी निदान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडायची. मग सनद, तिकडच्या भाषेत ‘पेटंट’. या सगळ्याची फाइल तयार होई. सास्काचेवानपुरत्या १९३० पर्यंतच्या या फायली रेजायनाच्या प्रांतिक अभिलेखागारात आहेत. ‘सास्काचेवान होमस्टेड इंडेक्स’ ऑनलाइन असून नावावरूनही शोधता येतो आणि जमिनीच्या नंबरावरूनही. इंडेक्समध्ये मिळालेला फाइल क्रमांक लिहून घ्या आणि प्रत मागवा.

ओटावाच्या ‘लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडा’कडे ‘वेस्टर्न लँड ग्रँट्स’ नावाचा वेगळा साठा आहे, पण त्यात ज्यांना सनद मिळाली तेवढेच लोक सापडतात. पुष्कळांनी अर्ज करून, दोन हिवाळे काढून जमीन सोडली. ते फक्त रेजायनाच्या फायलींत भेटतात. एकाच क्वार्टरवर एकामागून एक आलेल्या लोकांचे कागद बऱ्याचदा एकाच फाइलमध्ये लावलेले असतात. म्हणून आपल्या माणसापुरती चार पानं न मागता पूर्ण फाइल मागा.

फाइलमधला सगळ्यात बोलका कागद म्हणजे सनदेसाठी दिलेलं शपथपत्र. कधी राहायला आलो, कुठल्या वर्षी किती एकर फोडली, किती पेरली, किती गुरं, किती घोडे, घर केवढं, कशाचं, किंमत किती, घरात माणसं किती, टपालाचा पत्ता काय, मधे कधी जमिनीवर नव्हतो आणि का. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. रेल्वेच्या कामावर गेलो, कोळशाच्या खाणीत गेलो, मळणीच्या टोळीबरोबर गेलो, अशी उत्तरं तिथे येतात, आणि पहिली वर्षं पैसा कुठून येत होता ते कळतं. सोबत दोन शेजाऱ्यांची शपथपत्रं असतात. ती नावं टिपून त्यांच्याही फायली बघा, कारण बऱ्याचदा ते सोयरे किंवा मूळ देशातले गाववाले निघतात. सनदेसाठी ब्रिटिश प्रजाजन असणं आवश्यक होतं, त्यामुळे परदेशी माणसाचे नागरिकत्वाचे कागदही इथे सापडू शकतात.

तारखांमध्ये गल्लत होते ती अशी: सनदेची तारीख हीच आगमनाची तारीख धरली जाते. अर्ज आणि सनद यांत निदान तीन वर्षांचं अंतर असतं, कधी दहाचंही. आणखी एक. कुटुंबप्रमुख नसलेल्या बाईला होमस्टेड मिळत नसे, विधवेला मिळे. त्यामुळे अर्जावर नवऱ्याचं नाव आहे एवढ्यावरून शेतात कोण राबत होतं याचा अंदाज बांधू नका. पेरणीच्या दिवसांत नवरा खाणीत असल्याचं त्याच फाइलमध्ये लिहिलेलं असू शकतं.

जनगणना

कॅनडाची जनगणना ९२ वर्षांनी खुली होते. त्या काळात देशभराची दर दहा वर्षांनी होई, शिवाय प्रेअरी (गवताळ मैदानी) प्रांतांची, म्हणजे मॅनिटोबा, सास्काचेवान आणि अल्बर्टाची, खास जनगणना १९०६, १९१६ आणि १९२६ ला झाली. १९३१ ची २०२३ मध्ये खुली झाली. १९०६ ची प्रश्नावली छोटी आहे, पण तिच्यात जनावरांची मोजदाद आहे आणि टपालाचा पत्ताही. ती फाइलमधल्या शपथपत्राशी ताडून बघा.

नाव सापडत नसेल तर नाव सोडा. प्रेअरीच्या या पानांवर टाउनशिप, रेंज आणि मेरिडियन लिहिलेले असतात. त्या टाउनशिपची पानं काढून सरळ वाचत जा, फार तर पाच-सात पानं असतील. शेजारी ओळखीचे दिसले की आपला माणूस आसपासच कुठेतरी वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये बसलेला असतो.

आधीपासून राहणारे लोक

चौकट आखण्याआधी ही भूमी रिकामी नव्हती, आणि होमस्टेडच्या फायलींत हे कुठेच लिहिलेलं नाही. सरकार आणि फर्स्ट नेशन्स यांच्यात झालेल्या क्रमांकित करारांपैकी चौथा करार १८७४ मध्ये कापेल इथे, सहावा १८७६ मध्ये फोर्ट कार्लटन इथे झाला. इंडियन अफेअर्स खात्याचं दप्तर ओटावाला ‘आरजी १०’ या नावाखाली आहे. त्यात एजंटांची पत्रं, रेशनचे हिशेब, राखीव जमिनी सोडून देण्याचे कागद आहेत. लिहिणारा सरकारी नोकर आहे हे वाचताना विसरू नका. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवलं जाई त्या निवासी शाळांसाठी विनिपेगचं ‘नॅशनल सेंटर फॉर ट्रूथ अँड रिकन्सिलिएशन’ बघावं.

मेटी कुटुंबांसाठी ‘स्क्रिप’चे (जमीन किंवा पैशासाठी वटवता येणाऱ्या सरकारी कागदाचे) अर्ज हा खजिना आहे. ते पश्चिमेकडच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या ‘डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर’ खात्याच्या ‘आरजी १५’ मध्ये आहेत आणि बरेचसे ऑनलाइन दिसतात. अर्जदाराचे आईवडील, जन्मठिकाण, भावंडं, मुलं अशी माहिती एका पानावर असते. फक्त स्क्रिप मिळालं म्हणजे जमीन मिळाली असं धरू नका. पुष्कळ स्क्रिप सट्टेबाजांनी कवडीमोलाने उचललं.

कंपनीच्या रोजनिशा

हडसन्स बे कंपनीचं दप्तर १९७४ मध्ये लंडनहून विनिपेगला आलं. ठाण्याचा क्रमांक कळला की वाट सोपी. कंबरलँड हाउस हे १७७४ चं ठाणं बी.४९ आहे. पुढे ‘ए’ असेल तर रोजनिशी, ‘डी’ हिशेब, ‘ई’ जिल्ह्याचे अहवाल. रोजनिशीत हवामान, मासे, कोण किती कातडी घेऊन आला हे रोजचं लिहिलेलं असतं. नोकरांची संक्षिप्त चरित्रपत्रकं संकेतस्थळावर फुकट आहेत.

वर्तमानपत्रं आणि गावांचे ग्रंथ

बॅटलफर्डचं ‘सास्काचेवान हेरल्ड’ १८७८ मध्ये निघालं, रेजायनाचं ‘लीडर’ १८८३ मध्ये. अल्बर्टा विद्यापीठाने जमवलेला ‘पील्स प्रेअरी प्रॉव्हिन्सेस’ संग्रह आता इंटरनेट आर्काइव्हवर पाहता येतो. जुनी पुस्तकं आणि हेंडरसनच्या व्यापारी डिरेक्टऱ्या तिथे मिळतात. यंत्राने वाचलेला मजकूर खराब असतो, तेव्हा आडनावापेक्षा शाळेचं नाव किंवा पोस्टाचं नाव टाकून शोधा. पोस्ट कुठून कुठे हललं ते ओटावाच्या पोस्टमास्तरांच्या यादीत जमिनीच्या नंबरासह सापडतं.

प्रांताची पन्नाशी १९५५ ला आणि पंच्याहत्तरी १९८० ला साजरी झाली, तेव्हा गावोगावी जाडजूड इतिहासग्रंथ निघाले. यांची गंमत अशी की प्रत्येक कुटुंबाने आपापला मजकूर स्वतः लिहून दिलेला आहे. फोटो, लग्नं, शाळेतल्या बाई, बर्फाची वादळं भरभरून. बुडालेलं कर्ज, भाऊबंदकी, गाव सोडून गेलेले लोक मात्र नाहीत. त्यातल्या तारखा फाइलशी ताडल्याशिवाय वापरू नयेत. याहून कमी वापरलेली आणि आमच्या मते जास्त मोलाची गोष्ट म्हणजे अभिलेखागाराने १९५० च्या सुमारास जुन्या वसाहतवाल्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. खाणंपिणं, शाळा, करमणूक, घरं, आजारपण अशा विषयवार त्या आहेत, आणि उत्तरं त्यांच्याच हस्ताक्षरात.

जमीन पुढे कुणाकडे गेली ते पाहायला १९१७ पासून निघालेले कमिन्स नकाशे घ्या. त्यांत क्वार्टरवर मालकाचं नाव छापलेलं असतं. नेमका खरेदीव्यवहार हवा असेल तर जमिनीच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या ‘आयएससी’कडे नंबर देऊन जुन्या टायटलचा (मालकीच्या नोंदीचा) शोध घेता येतो, पैसे भरून.

भारतातून अभिलेखागाराला फोन करायचा असेल तर एक सोय आहे. सास्काचेवानात घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे होत नाहीत, फरक बाराही महिने साडेअकरा तासांचा. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. ईमेल करताना ‘माझ्या विषयावर काही आहे का’ असं विचारू नका. जमिनीचा पूर्ण नंबर, फाइल क्रमांक, वर्षांचा पल्ला आणि पूर्ण फाइलचं स्कॅन हवं आहे, एवढं चार ओळींत लिहा. दर आणि लागणारा वेळ यांची चौकशी त्याच पत्रात करा, आणि होकार देण्याआधी पानांची संख्या विचारून घ्या.