गाडीचं कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं मेकॅनिककडे द्यायचं

माझ्याकडे स्प्लेंडर आहे, रोज कागल ते शिरोली एमआयडीसी जाणं-येणं, म्हणजे महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर सहज होतात. त्यात उसाचा हंगाम लागला की रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि धूळ, आणि पावसाळ्यात चिखल. पहिली काही वर्षं मी सगळं गॅरेजवर सोडलं होतं. आता अर्धी कामं घरी करतो, अर्धी अजूनही मेकॅनिककडेच देतो, आणि ही वाटणी कशी करायची तेच सांगतो.

आधी पैशाचं बोलू. घरी ऑइल बदललं म्हणून फार पैसे वाचतात असं नाही, ऑइलचा डबा तुम्ही घेतला काय आणि मेकॅनिकने घेतला काय किंमत तीच, वाचते ती फक्त मजुरी, आणि तेवढ्या मजुरीसाठी चांगल्या माणसाला नाराज करू नये असं मला मनापासून वाटतं. खरे पैसे वाचतात ते पार्ट जास्त टिकल्यामुळे. मेकॅनिक तुमची गाडी तीन महिन्यांनी एकदा बघतो, मधल्या काळात चेन कोरडी पडली, हवा कमी झाली, ब्रेक लूज झाला तर ते बघणार कोण? म्हणून आठवड्याला वीस मिनिटं गाडीजवळ बसायची सवय लावा.

एक अट आहे. गाडी नवीन असेल आणि वॉरंटी चालू असेल तर ठरलेल्या सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरला करा आणि बुकावर शिक्का घ्या, नाहीतर उद्या काही बिघडलं तर क्लेमला अडचण येते. पुढे सांगितलेली चेनची आणि हवेची कामं तरीही घरी करता येतात.

सुरुवात हवेपासून करा. किती हवा हवी ते चेन कव्हरवर नाहीतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळं आणि डबलसीटसाठी मागच्या चाकाला जास्त. टायर थंड असतानाच मोजायची, वीस किलोमीटर चालवून मोजली तर आकडा जास्त दाखवतो.

आता चेन, इथे जरा वेळ द्या. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेनला ऑइल मारणारे लोक मी बघितलेत, कृपा करून असं करू नका, बोट चेन आणि दात्याच्या मधे गेलं तर ते परत मिळत नाही. स्प्लेंडरला बंद चेन कव्हर असतं, त्याला खाली रबराचं बूच आहे, ते काढून चेन बोटाने वर-खाली करून बघा. साधारण एक इंचाचा झोल ठीक असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चाक हाताने फिरवत तीन-चार जागी तपासायचं कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि जिथे सगळ्यात टाइट लागते तिथला झोल धरायचा.

झोल जास्त असेल तर मागच्या एक्सलचा नट ढिला करा, मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवा, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) खुणा असतात त्या दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत नाहीतर चाक तिरकं बसतं. नट नीट आवळा आणि झोल परत मोजा. आता जे बरेचजण विसरतात ते सांगतो, चाक मागे सरकलं की मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक घासायला लागतो, म्हणून ब्रेक पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधी पेडल जेवढं मोकळं दबतं ते) आणि ब्रेक लाइट दोन्ही लगेच बघा. चेन जास्त आवळणं हे ढिली ठेवण्यापेक्षाही वाईट. एकदा एका गॅरेजमधून गाडी आणली तर चेन तारेसारखी ताणलेली, मी लक्ष दिलं नाही, आणि थोड्याच दिवसात मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं.

चेन पुसायला रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोल नको, आणि वंगणाला 90 नंबरचं गिअर ऑइल चालतं. चेन आतल्या बाजूने ओली करा, जास्तीचं पुसून घ्या.

ऑइल बदलणं हे थोडं पुढचं काम. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवून ऑइल कोमट करा, मेन स्टँड, खाली परात, वरचं झाकण काढा, मग खालचा ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल सोडायचा बोल्ट. बोल्ट खालून वर बघत फिरवायचा असतो त्यामुळे दिशा चुकते आणि लोक सोडवायच्या ऐवजी आवळतात, नीट बघून पाना लावा. सगळं ऑइल निथळू द्या. बोल्टचं वॉशर नवीन टाका, आणि बोल्ट आधी हातानेच चार-पाच आटे बसवा, हाताने जात नसेल तर वाकडा बसलाय, काढून परत लावा. पान्याला पाइप लावून जोर देऊ नका, चेंबर अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च मोठा.

डब्यावर 10डब्ल्यू30 (ऑइलच्या जाडपणाचा नंबर) आणि जासो एमए किंवा एमए2 (बाइकच्या ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) हे दोन्ही बघून घ्या. कारचं ऑइल टाकू नका कारण बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि तो स्लिप होतो. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, एक नुसतं बदलताना, दुसरा पूर्ण इंजिन खोलल्यावर, आपल्याला पहिला हवा. म्हणून अख्खा डबा ओतू नका, थोडं मागे ठेवा, गाडी चालू करा, बंद करा, दोन मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. दोन खुणांच्या मधे पाहिजे.

मेकॅनिककडे काय द्यायचं? स्प्लेंडरच्या इंजिनात फिरणारा ऑइल फिल्टर आहे, तो साफ करायला उजव्या बाजूचं कव्हर आणि गॅस्केट काढावं लागतं, ते द्या. ब्रेक शू, डिस्क ब्रेकचं फ्लुइड, व्हॉल्व्हची सेटिंग, क्लच प्लेटा, हँडलचं बेअरिंग, ही सगळी त्याचीच. 2020 नंतरच्या बीएस6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आणि सेन्सर आहेत, इंजिनचा दिवा लागला तर घरी वायरी उपटत बसू नका. चिकट तेलकट एअर फिल्टर असेल तर त्याला हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो.

आणि मेकॅनिकला काय बदलायचं ते सांगू नका, काय होतंय ते सांगा. 'गाडी गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरला आवाज येतो' एवढं सांगितलं की तो बरोबर पकडतो. काढलेला जुना पार्ट मागून घ्या, चांगला माणूस स्वतःहून दाखवतो, आणि असा माणूस मिळाला की त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.

घरी काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, रिकाम्या डब्यात भरून झाकण लावा आणि पुढच्या वेळी त्याच मेकॅनिककडे घेऊन जा, त्याच्याकडे जुन्या ऑइलचा बॅरल असतो.