बिलाडी रुसलीय

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर मी गेली सहा वर्षं दर शनिवारी मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवते. या कामात नव्यानं येणाऱ्यांनी आधी माझी एक चूक ऐकावी.

पाच वर्षांची मुलगी. घरी मराठी, गल्लीत गुजराती. एका पानावर टेबलाखाली अंग चोरून बसलेलं मांजर होतं. मजकुरात त्याचं नावही नव्हतं. तिनं त्यावर बोट ठेवलं, "ताई, बिलाडी रुसलीय." मी लगेच म्हटलं, "बिलाडी नाही, मांजर म्हणायचं." बाकीची मुलं हसली. तिनं बोट मागे घेऊन फ्रॉकच्या घेरात लपवलं. पुढचे तीन शनिवार ती आली, बसली, पण बोलली नाही. त्या दिवशीची गोष्ट स्वतःला कमी न लेखण्याबद्दलच होती. ते मला अजून सलतं.

चौथ्या शनिवारी तेच पुस्तक काढलं, त्याच पानावर थांबले. "बिलाडी का रुसली असेल गं?" बराच वेळ शांतता. मग, "तिचं दूध दादानं पिऊन टाकलं." आणि मग ती थांबेचना.

तेव्हापासून पान उलटलं की मी मनात दहा अंक मोजते, तोंड उघडत नाही. सगळ्यात अवघड हेच आहे. 'यातून काय शिकलो?' हा प्रश्न तर कधीच विचारू नका. 'शाब्बास, हुशार' मुलं विसरतात. "मला ते मांजर दिसलंच नव्हतं, तुला दिसलं," हे त्यांच्या लक्षात राहतं.

पुस्तक आधी स्वतः दोन-तीनदा मोठ्यानं वाचून बघा. वाचताना ते खांद्याशी धरा, पान मुलांकडे.

पुस्तकांसाठी खर्च लागतोच असं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर २०१५पासून चित्रपुस्तकं मोफत मिळतात, मराठीत आणि गुजरातीतही. आपल्याकडच्या मुलांना एकच गोष्ट दोन्ही भाषांत जरूर वाचून दाखवा. आणि सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१०मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय गावातच आहे. त्या काळी पेट्यांत भरून पुस्तकं खेडोपाडी जात. आपण निदान गल्लीपर्यंत न्यावीत.

दहाच्या वर मुलं झाली तर दोन गट करा. मागच्यांना चित्र दिसत नाही, आणि लाजरी मुलं नेमकी मागेच बसतात.