सुकाणूच्या चाकाला दोरीची वीण

शिडाच्या बोटीवर रात्रीच्या पाळीला मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा चाक मला दिसतच नव्हतं. डोळे होकायंत्राच्या लाल दिव्यावर आणि हात ओल्या स्टीलवर, तेही सटकणारं. तेवढ्यात बोटांना चाकावर बांधलेली दोरीची एक जाड गाठ लागली. ती वर असली की सुकाणू सरळ, हे मला आधी सांगून ठेवलं होतं. त्या रात्रीपासून चाकाच्या दोरकामाला नुसती सजावट म्हणणं मी सोडून दिलं. दिसायला सुरेख असतं, हे खरंच. पण आधी ते हातासाठी असतं.

म्हणून सुरुवात दोरीपासून नको, सुकाणूपासून करा. नेमकं मधलं स्थान शोधा. माझी पहिली चूक इथेच झाली. मी शिडं लावून, वारा बाजूने घेत बोट सरळ चालवली आणि तेव्हा जो आरा वर होता, त्यावर गाठ बांधली. पण बोट वाऱ्याकडे वळायला ओढ घेत होती आणि मी नकळत सुकाणू थोडं वळवूनच धरलं होतं. गाठ एक आरा चुकली. सहा आऱ्यांचं चाक, टोकापासून टोकापर्यंत दोन फेरे. एक आरा म्हणजे सुकाणूत जवळपास सहा अंशांचा फरक. धक्क्याला लागताना तो चांगलाच कळला. आता मी आणीबाणीचा दांडा, म्हणजे चाक निकामी झालं तर सुकाणू वळवायचा दांडा, सुकाणूच्या खांबावर बसवते. तो बोटीच्या लांबीत सरळ आला, की चाकाच्या माथ्यावर टेप चिकटवते. टोकापासून टोकापर्यंतचे फेरे मोजून निम्मे करणं हा दुसरा उपाय. चालतो, पण मी तो पडताळ्यापुरताच ठेवते.

दोरी 3 मिमीची, घट्ट विणीची घ्या. सुती दोरी हाताला सुखाची. ती भिजली की आखडते, त्यामुळे वीण आणखी आवळते; मळते मात्र पटकन. पॉलिएस्टरला पाण्याचं काही वाटत नाही, पण बांधताना ढिली राहिली तर ढिलीच राहते. मी सुती वापरते.

लांबीचा हिशेब आधी करा. चाक 90 सेंमीचं आणि कडेची नळी 25 मिमीची असेल, तर दोन आऱ्यांमधला कडेचा तुकडा साधारण 47 सेंमी भरतो. 3 मिमीच्या दोरीचे त्यावर दीडशेच्या वर वेढे बसतात. एका वेढ्याला सुमारे 9 सेंमी दोरी लागते, म्हणजे 14 मीटर झाले, शिवाय गाठींमध्ये जाते ती वेगळी. एका तुकड्याला 18 मीटर धरा. खात्री नसेल तर दहा गाठी मारा, उलगडा, मोजा. मधेच दोरी संपली की जोड लपवायला जागा नसते. एवढं लांब टोक दर वेढ्याला ओढत बसू नका, पुठ्ठ्यावर गुंडाळून घ्या.

नळी पुसून कोरडी करा. दोरीचं पाचेक सेंमी टोक नळीवर आडवं ठेवा आणि त्यावरूनच वेढे सुरू करा, म्हणजे ते आत दबून राहतं. प्रत्येक वेढ्याला एक अर्धी गाठ मारायची: दोरी कडेभोवती न्यायची, स्वतःच्याच खालून काढायची, ओढायची. सगळ्या गाठी एकाच दिशेने मारल्या तर गाठींची रांग पिळासारखी चाकाभोवती फिरत जाते. मला आवडते ती उलट-सुलट पद्धत. विणकामातल्या टाक्यांसारखी एक गाठ सुलट, दुसरी उलट दिशेने. मग कणा एकाच रेषेत राहतो. हा कणा चाकाच्या पुढच्या अंगाला ठेवा, जिथे बोटांची टोकं वळून येतात. पकड तिथेच हवी असते. दर दहा गाठींनी बोटाने मागे रेटून वेढे दाबत चला. हातमोजे घाला, पहिल्या दिवशी मी घातले नव्हते, करंगळीला चीर पडली.

आता माथ्यावरची गाठ, टर्क्स हेड. नावाला घाबरू नका. ही तीन पेडांची वेणी आहे, फक्त स्वतःलाच येऊन मिळालेली आणि एकाच दोरीची. दीड मीटर दोरी पुरते. कडेभोवती एक वेढा घ्या आणि दोरी स्वतःवरून तिरकी ओलांडून फुली करा. दुसरा वेढा घेऊन टोक फुलीच्या एका पायावरून, दुसऱ्याखालून न्या. चाकाच्या मागच्या बाजूला दोन समांतर पेड दिसतील. त्यातला एक दुसऱ्यावरून पलीकडे टाका आणि मधे झालेल्या डोळ्यातून टोक ओवा. कुठला वर टाकायचा? ज्याने ‘एकावरून, एकाखालून’ हा क्रम मोडत नाही, तो. असंच विणत टोक सुरुवातीच्या टोकाला मिळालं की तिथून त्याच वाटेने आणखी दोन फेऱ्या, पहिल्या पेडाला न ओलांडता. मग दाभणाने ढील काढायची, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, थोडी थोडी. एका दमात आवळायला गेलात तर वेणी तिरकी बसते आणि सगळं पुन्हा.

मोठी गाठ हवी असेल तर एक नियम: पेड आणि कडेचे कंगोरे यांच्या आकड्यांना 1 सोडून सामाईक भाजक नको. 3 आणि 5 जमतात, 3 आणि 6 एका दोरीत कधीच जमणार नाहीत.

प्रत्येक आऱ्यापाशी अशीच पण लहान गाठ घातली की वेढ्यांची टोकं तिच्याखाली लपतात. मात्र मुख्य गाठ सगळ्यांत जाड ठेवा, नाहीतर अंधारात सगळ्या सारख्याच लागतील. शेवटी चाक पूर्ण फिरवून पाहा. काही बोटींत ते खालच्या खाचेतून जातं आणि गाठ तिथे अडकते.

व्हॉर्निश मी पकडीच्या भागाला लावत नाही. दोरी कडक आणि गुळगुळीत झाली की सगळी मेहनत वाया. खारं पाणी उडालं की गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं. सतत ओल्या वेढ्यांखाली स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, म्हणून दोरी बदलताना नळी नीट पाहून घ्या.

आणि हो, काम झाल्यावर दाभण होकायंत्राजवळ विसरू नका. मी विसरले होते. दिशा चुकतेय म्हणून अर्धा तास होकायंत्राला बोल लावत बसले.