आजीची दोन नावं आणि वंशावळीतल्या नेहमीच्या चुका

आमच्या वंशावळ मंडळाची बैठक महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी नागपूरच्या महाल भागात भरते. नवा माणूस आला की बहुधा कागद घेऊनच येतो. वर मूळ पुरुषाचं नाव, त्याखाली फांद्या आणि तळाशी त्याचं स्वतःचं नाव. मी विचारते, "यात बायका कुठं आहेत?" उत्तर ठरलेलं असतं, "त्यांचं काही मिळत नाही हो, ताई."

मिळतं. ही एक चूक इतक्या घरांत पाहिली आहे की आधी तिच्याबद्दलच लिहिते.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं, आणि माहेरची यमुना सासरची लक्ष्मी व्हायची. पुढं भावांची पत्रं यमुनेला येत आणि शेतीचे कागद लक्ष्मीबाईच्या नावानं होत. चार पिढ्यांनी कुणीतरी ही दोन्ही बाडं समोर ठेवतो आणि पणजोबांना दोन बायका होत्या असं लिहितो.

मंडळातल्या एका तरुण सभासदानं हेच केलं. हुशार, कष्टाळू मुलगा. यमुनाबाई पहिली आणि लवकर वारलेली, लक्ष्मीबाई दुसरी, असं त्यानं ठरवलं. मग यमुनाबाईच्या मृत्यूची नोंद शोधत अख्खा उन्हाळा कोतवाल बुकं, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, चाळली. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत आठ खेपा केल्या. नोंद सापडली नाही, तेव्हा ते पानच गहाळ झालं असेल असं धरून त्यानं वंशावळ छापली आणि नातेवाइकांत वाटली. थोरले आजोबा पहिलीचे, धाकटे दुसरीचे. वाटल्यावर दोन घरांत सावत्रपणाचं बोलणं सुरू झालं आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला एक घर दुसऱ्याकडं गेलं नाही.

मी त्याला विचारलं, आजोबांना बहीण नव्हती का? होती म्हणे, उमरेडला, नव्वदीच्या घरातली. पण लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली म्हणून त्याच्या कागदावर ती नव्हतीच. आम्ही दोघं गेलो. बाई ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी हात थांबवला. "दोन कायच्या? यमी म्हंजेच लक्ष्मी. माही माय होती थे, मले मालूम नाही काय? तू काहून एवढा फिरून राह्यला?"

त्यानं फोनवर चाळीस मिनिटं त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. मामांची नावं, माहेरचं गाव, दोन लहानपणीच गेलेली भावंडं, सगळं त्यात आलं. पुढल्या दिवाळीनंतर बाई गेल्या. ते रेकॉर्डिंग आता दोन्ही घरांत आहे आणि जेवणंही पुन्हा सुरू झाली आहेत.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक बाईसाठी दोन रकाने असतात, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. दुसरा रकाना भरला आणि पहिला कोरा राहिला, तर ते काम अर्धं समजते. आणि कुठल्याही घरात पहिली भेट लेकीची घ्यायची, जी लग्न होऊन बाहेर गेली तिची. घरात राहिलेल्यांना वाटण्या आठवतात, तिला माणसं आठवतात.

जुन्या कागदांतले शब्दही आधी शिकून घ्या. 'वल्द' आणि 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. 'वल्द' हे मधलं नाव समजून छापलेली वंशावळ मी पाहिली आहे.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असेल, तर बहुतेक ती गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली असते. वर्ष घ्या, तारखेवर विसंबू नका.

सनाची चूक मात्र सगळी पिढी सरकवते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जुन्या कागदावर नुसतं 'सन' असेल तर तो सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतला) आहे की फसली (शेतसाऱ्याच्या हिशेबाचा), ते आधी ठरवा. सुहूरमध्ये ५९९ किंवा ६०० मिळवायचे, दक्षिणेतल्या फसलीत ५९० किंवा ५९१. म्हणजे नऊ वर्षांचा फरक, आणि तेवढ्यात बाप मुलापेक्षा बारा वर्षांनीच मोठा ठरतो. सुहूर सन पुष्कळदा अरबी शब्दांत असतं. 'खमस मयातैन व अलफ' म्हणजे पाच, दोनशे आणि हजार, १२०५, म्हणून इसवी १८०४-०५. हे जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात. मोडी वर्गाचे दोन रविवार झाले की लोक कागदाचे फोटो घेऊन येतात आणि नावं लगेच वाचून हवी असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, शब्द तोडलेले नसतात. वर्षभर रोज अर्धं पान वाचा. याला दुसरी वाट मला माहीत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे आजचा नकाशा घेऊन जुनं गाव शोधणं. ही मी स्वतः केली. आईचं माहेर सौंसरकडचं, घरात मराठी, सोयरीक सगळी नागपूर-काटोलची. म्हणून दोन वर्षं नागपुरातच विचारत राहिले. सौंसर छिंदवाड्यात होतं. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात आलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा आहे. असंच इतरत्रही आहे. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून निघाला, गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून, गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. यवतमाळ जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत वणी होतं. वर्धा नदीच्या पलीकडं वऱ्हाड, तिथं रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून, आपल्याकडं मालगुजारी, म्हणजे तो मालगुजारामार्फत, त्यामुळं कागदांची नावंसुद्धा निराळी. मी आता प्रत्येक गावाला वहीत एक पान देते. कुठल्या साली कुठला तालुका आणि कुठला जिल्हा, एवढं लिहून झाल्याशिवाय कुठल्याही कचेरीत अर्ज करत नाही. पुराभिलेखागाराची नागपूर शाखा आहेच, पण तिथंही गाव, तालुका आणि साल सांगता आलं तरच काम पुढं सरकतं.

"आम्ही रघुजीराजांबरोबर आलो", म्हणजे नागपूरचं राज्य उभं करणाऱ्या पहिल्या रघुजी भोसल्यांबरोबर, हे नागपुरात इतक्या घरांत ऐकते. काही घरं आलीही असतील. पण १८६१ साली मध्यप्रांत झाला आणि कचेऱ्या भरल्या, १८६७ साली रेल्वे आली, १८७७ साली एम्प्रेस ही कापडगिरणी सुरू झाली. पोटासाठी आलेला पणजोबा फौजेत आलेल्या पूर्वजापेक्षा कमी नाही. स्वतःपासून मागं जा, एकेक पिढी कागदानिशी. रघुजीराजांपासून खाली उतरायला लागलात की मधल्या चार पिढ्या मनानंच भराव्या लागतात.

दत्तक गेलेल्या मुलाची नोंद दोन्ही घरांत करा. तिसऱ्या रघुजींना भोसल्यांच्या गादीवर दत्तक घेतलं होतं, आणि डिसेंबर १८५३ मध्ये ते निपुत्रिक वारल्यावर राज्यच खालसा झालं. त्या नागपुरात तरी दत्तक लपवू नये.

जातपडताळणीपुरता पुरावा हवा म्हणून बरेच जण येतात. हक्काचं काम आहे, जरूर करावं. पण हवा तो कागद मिळाला की बाकीच्या नोंदींचे फोटोही न घेता निघून जातात, याचं मला वाईट वाटतं. रजिस्टर उघडलंच आहे तर गावातल्या आपल्या आडनावाच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या.

आणि कृपा करून जुना कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेनं तो चिकटतो, मग कधीच सुटत नाही. कूलरच्या खोलीत ठेवू नका, दमट होतो. माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तुकडे पडतात आणि वाळवी लागते ती वेगळीच. माझे कागद धुतलेल्या सुती कापडात, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात आहेत. फोटोंच्या मागं नावं शिसपेन्सिलीनं लिहिली आहेत, बायकांची दोन्ही.